डबी उलटी करा, मग भाव विचारा



चिखलीच्या एका बॅचमध्ये मी एक साधा खेळ घेतला. बावीस जण होते. कुणाला कॉस्मेटिकचं दुकान टाकायचंय, कुणाला पार्लर, आणि तिघीचौघींना घरी साबण आणि क्रीम बनवून विकायचंय. मी एक क्रीमची डबी सगळ्यांच्या हातातून फिरवली आणि म्हणलं, "ही माझ्या दुकानात ठेवू का नको, एका मिनिटात सांगा."

पहिलीनं झाकण उघडून वास घेतला. दुसरीनं हातावर लावून बघितलं. एका दादानं एमआरपी बघितली आणि लगेच विचारलं, "मार्जिन किती सुटतं?" बावीस जणांत डबी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचणारा एकही नव्हता.

हसू नका, मीसुद्धा तशीच होते. बीबीएला आम्ही मार्केटिंगचे चार पी पाठ केले : प्रॉडक्ट, प्राईस, प्लेस, प्रमोशन. पण डबीची पाठ कशी वाचायची हे तीन वर्षांत कुणी शिकवलं नाही. ते मला एका गिऱ्हाईकानं शिकवलं, आणि त्याची फी मोठी बसली.

माझ्या दुकानातली चूक

दुकान टाकून दोनच वर्षं झाली होती. एक फिरता विक्रेता गोरेपणाचं क्रीम घेऊन यायचा. डबी छान, सोनेरी झाकण, वर चंद्रासारखा चेहरा. छापील किंमत १५० रुपये, मला पडायची ९० ला. म्हणजे डबीमागे ६० रुपये. ब्रँडेड क्रीमवर मला १०-१२ टक्के सुटत होते, इथे सरळ ४० टक्के. आणि माल पळत होता! सातआठ दिवसांत चेहरा उजळतो म्हणून बायका परत यायच्या, सोबत बहिणीला घेऊन यायच्या. मला वाटलं, धंदा जमला.

डबीवर बॅच नंबर नव्हता. बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता, लायसन नंबर नव्हता. घटकांच्या जागी फक्त "हर्बल एक्स्ट्रॅक्ट, क्रीम बेस" एवढंच. मी बघितलंच नाही, कारण बघायचं असतं हेच माहीत नव्हतं.

तीनेक महिन्यांनी एक ताई आली. माझं नेहमीचं गिऱ्हाईक, महिन्याचा सगळा किराणा-साबण-तेल माझ्याकडून नेणारी. तोंडाला ओढणी गुंडाळलेली. ती बाजूला केली तर गाल लालभडक, बारीक पुरळ, हनुवटीवर लव वाढलेली. म्हणाली, "क्रीम बंद केलं की आग होते, लावलं की बरं वाटते. काय हाय वो ताई हे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. डॉक्टरनं तिला सांगितलं, त्यात स्टेरॉइड असावं. मी पैसे परत दिले, उरलेल्या डब्या फेकल्या. ती भांडली नाही. फक्त परत आली नाही. तिची जाऊ आली नाही, आई आली नाही, शेजारीणही आली नाही.

आता हिशोब बघा, कारण आपण हिशोबाची माणसं आहोत. ते क्रीम महिन्याला दहा डब्या जायचं, म्हणजे ६०० रुपये. वर्षाचे ७,२०० रुपये. ती चार घरं महिन्याला प्रत्येकी साधारण १,५०० रुपयांचा माल न्यायची. १२ टक्क्यांनी एका घरामागे वर्षाला २,१६०, चार घरांचे ८,६४० रुपये. आणि घर तुटलं तर एका वर्षासाठी तुटत नाही. ४० टक्के मार्जिन दिसत होतं, पण मुळात तो तोट्याचा व्यवहार होता.

म्हणून माझं ठाम मत आहे : ज्या डबीची पाठ तुम्हाला वाचता येत नाही, ती विकू नका. आणि ज्या डबीला पाठच नाही, तिला दुकानात पाय ठेवू देऊ नका.

अकोल्याची गोष्ट विसरू नका

तुम्ही म्हणाल, एखाद्या चेहऱ्याला पुरळ आलं, त्यात एवढं काय? मग आपल्या शेजारच्या अकोल्याचं ऐका. २०२३ मध्ये ही बातमी आली होती. एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, एकापाठोपाठ किडनीच्या आजारानं पडल्या. तिघी एकच गोरेपणाचं क्रीम वापरत होत्या, तेही ओळखीच्या ब्युटीशियनकडून घेतलेलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला तो पाऱ्याचा. क्रीममध्ये पारा होता, आणि तो कातडीतून रक्तात आणि रक्तातून किडनीत गेला होता.

ही एकट्या अकोल्याची गोष्ट नाही. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कलच्या डॉक्टरांना जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात एका ठरावीक किडनीच्या आजाराचे २२ रुग्ण दिसले. त्यातल्या १५ जणांत त्या आजाराचा एक दुर्मिळ प्रकार निघाला, आणि या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाचं क्रीम वापरल्याचं सांगितलं.

पारा क्रीममध्ये का घालतात? कारण तो स्वस्त आहे आणि "काम" करतो. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचा रंग तयार होतो, ते काम पारा अडवतो. चेहरा उजळ दिसतो, गिऱ्हाईक खूष, दुकानदार खूष. किडनीचं बिल नंतर येतं. आपल्या कॉस्मेटिक्स नियम २०२० प्रमाणे साध्या क्रीममध्ये चुकून आलेला पारासुद्धा १ पीपीएमच्या वर चालत नाही, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. मुद्दाम घालणं तर दूरच.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. अकोल्यातलं ते क्रीम देणारी बाई कुणी मोठी कंपनी नव्हती. ती तुमच्या-माझ्यासारखीच छोटी व्यावसायिक होती. तिच्या मनात काय होतं मला माहीत नाही. पण उद्या तिच्या जागी आपण असू शकतो, हे मला माहीत आहे.

पाठ कशी वाचायची

खामगावला चांदी घ्यायला गेलात तर सराफ कस लावतो. बाजार समितीत सोयाबीन नेलं तर व्यापारी आधी मशीनवर ओल बघतो, मग भाव बोलतो. आपला माल क्रीम-साबण आहे, तर आपलं ओल बघायचं मशीन म्हणजे घटकांची यादी.

आधी चार गोष्टी शोधा : बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन नंबर, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख. यातली एक जरी नसली तर पुढे वाचायचे कष्ट घेऊ नका. परत करा.

मग यादी. नियम असा आहे की जे जास्त घातलंय ते आधी लिहायचं, कमी ते नंतर. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी, कोणत्याही क्रमानं. शेगावची कचोरी घ्या. तिची यादी लिहिली तर मैदा वर येईल, डाळ वर येईल, तेल वर येईल, आणि हिंग खाली. हिंगाचा वास कितीही सुटला तरी कचोरी हिंगाची होत नाही.

क्रीमचंही तेच. यादीत "फिनॉक्सीइथेनॉल" किंवा "पॅराबेन" हे शब्द शोधा. हे माल टिकवणारे घटक, आणि ते एक टक्क्याच्या आतबाहेरच असतात. "परफ्यूम" किंवा "फ्रॅग्रन्स"ही तिथेच कुठेतरी सापडतं. या शब्दांच्या खाली जे काही लिहिलंय ते बहुतेक वेळा एक टक्क्याच्या आत. आता डबीच्या तोंडावर ज्याचं चित्र आहे, केशर, बदाम, चंदन, ते कुठे आहे बघा. दहापैकी आठ वेळा ते परफ्यूमच्या खाली सापडेल. ही फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. पण केशरासाठी किती पैसे द्यायचे हे आता तुम्ही ठरवू शकता.

सहा पेट्या : घटकांची वाटणी

यादीतले शब्द बघून घाबरू नका. शंभर नावं पाठ करायची गरज नाही. सहा पेट्या करा आणि प्रत्येक नाव कोणत्या तरी पेटीत टाका.

*पहिली पेटी : ओलावा धरणारे.* ग्लिसरीन, सॉर्बिटॉल, प्रॉपिलीन ग्लायकॉल, हायल्युरॉनिक अ‍ॅसिड, युरिया. युरिया म्हणलं की आमच्या बॅचमध्ये हशा पिकतो, "ताई, कपाशीला टाकायचा तोच का?" रसायन तेच, पण क्रीमसाठीचा शुद्ध प्रतीचा असतो. खतातला घेऊन प्रयोग करू नका. टाचांच्या भेगांसाठी युरिया असलेलं क्रीम चांगलं काम करतं. आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या, निंदणाऱ्या बायांची संख्या बघा आणि विचार करा, हे क्रीम किती दुकानांत मिळतं? ग्लिसरीन तर सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचं. आजीचं ग्लिसरीन-गुलाबपाणी उगाच नव्हतं. आणि हायल्युरॉनिक अ‍ॅसिडच्या नावानं चारपट किंमत दिसली तर त्याचं मुख्य कामसुद्धा ओलावा धरणं हेच आहे, हे आठवा.

*दुसरी पेटी : झाकण ठेवणारे.* पेट्रोलियम जेली, लिक्विड पॅराफिन (यालाच मिनरल ऑइल म्हणतात), डायमेथिकोन, मेण. हे कातडीतलं पाणी उडू देत नाहीत. भाजीवर ताट ठेवतो तसं. थंडीत बरे, मे महिन्याच्या घामात चिकट वाटतात. म्हणून एकच क्रीम बारा महिने विकायचं नसतं.

*तिसरी पेटी : मऊ करणारे आणि क्रीमचा पोत बनवणारे.* स्टिअरिक अ‍ॅसिड, सीटिल अल्कोहोल, ग्लिसरिल मोनोस्टिअरेट, खोबरेल, बदाम तेल, शिया बटर. सीटिल अल्कोहोल म्हणजे दारू नव्हे, ते मेणासारखं घट्ट असतं. नावाला घाबरून गिऱ्हाईकाला घाबरवू नका.

*चौथी पेटी : टिकवणारे.* पॅराबेन, फिनॉक्सीइथेनॉल, सोडियम बेंझोएट, पोटॅशियम सॉर्बेट. यावर खाली वेगळं बोलते.

*पाचवी पेटी : खरं काम करणारे.* नायसिनामाइड, म्हणजे जीवनसत्त्व बी-३. डाग हळूहळू फिके करतं, तेलकटपणा कमी करतं. सॅलिसिलिक अ‍ॅसिड मुरमांसाठी, फेसवॉशमध्ये साधारण १-२ टक्के असतं. जीवनसत्त्व सी, रेटिनॉल. आणि ऊन अडवणारे : झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, अ‍ॅव्होबेन्झोन. सनस्क्रीनचा एक हिशोब लक्षात ठेवा. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी किरण अडवतो, एसपीएफ ५० साधारण ९८ टक्के. आकडा ३० वरून ५० वर गेला म्हणून दीडपट फायदा होत नाही. पुरेसं लावलं का आणि उन्हात दोन-तीन तासांनी पुन्हा लावलं का, यावर जास्त अवलंबून असतं.

*सहावी पेटी : वास आणि रंग.* गिऱ्हाईक इथेच फसतं आणि खाजही बहुतेक इथूनच सुरू होते. नाजूक कातडीच्या गिऱ्हाईकाला बिनवासाचं द्या.

साबणासाठी वेगळी खूण आहे : टीएफएम, म्हणजे साबणातला एकूण स्निग्धांश. टॉयलेट सोपमध्ये ७६ टक्क्यांच्या वर असेल तर पहिली प्रत, ७० च्या वर दुसरी, ६० च्या वर तिसरी. रॅपरवर "बेदिंग बार" लिहिलं असेल तर तो वेगळा प्रकार, त्यात टीएफएम ४० टक्क्यांपर्यंत खाली असू शकतो. हातात दोन्ही वड्या सारख्याच दिसतात. आणि खऱ्या साबणाचा पीएच ९-१० असतो, आपल्या लोणारच्या सरोवराच्या पाण्याच्या आसपास. कातडीचा ५-साडेपाच. म्हणून अंग धुतल्यावर ताणल्यासारखं होतं, म्हणून वरून लोशन लागतं. एवढं एक वाक्य गिऱ्हाईकाला सांगितलंत तर तो साबणासोबत लोशनही घेऊन जाईल, आणि तुम्ही खोटंही बोलला नसाल.

तुलना करायची ती अशी

समजा एका बाजूला केशर-बदाम क्रीम आहे, ५० ग्रॅम, १८० रुपये. दुसऱ्या बाजूला साधं लोशन, १०० मिली, १२० रुपये. गिऱ्हाईक म्हणतं, १८० चं भारी असेल.

पहिलं काम : दोन्ही एका मापात आणा. क्रीम शंभर ग्रॅमला ३६० रुपये पडलं, लोशन १२०. आता पाकिटावर युनिट सेल प्राईस म्हणून एका ग्रॅमचा किंवा मिलीचा भाव छापलेला असतो, तो बघितला तरी चालतं.

दुसरं काम : दोन्हींचे पहिले पाच घटक शेजारी लिहा. समजा दोन्हीकडे पाणी, ग्लिसरीन, लिक्विड पॅराफिन, स्टिअरिक अ‍ॅसिड, ग्लिसरिल मोनोस्टिअरेट असंच निघालं, आणि केशर-बदाम परफ्यूमच्या खाली. मग वरचे २४० रुपये वासाचे, चित्राचे आणि जाहिरातीचे. घेऊ नये असं नाही. ज्याला वास आवडतो तो घेईल. पण हातात मोजके पैसे असलेल्या आईला तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता, "मावशी, हे न्या, काम तेच होईल."

तिसरं काम : पाचव्या पेटीतलं काही आहे का, आणि त्याचं प्रमाण लिहिलंय का. १० टक्के नायसिनामाइड ५ टक्क्यांच्या दुप्पट गुण देतं असं समजू नका, काहींना उलट चुणचुण होते. आणि कोणताही नवीन माल असो, आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस बघायला सांगा.

"केमिकल फ्री" म्हणणं बंद करा

हे वाचून काही ताई माझ्यावर रागावतील, तरी लिहिते. बचत गटांच्या स्टॉलवर मला हमखास दिसतं : "१०० टक्के नैसर्गिक, केमिकल फ्री, प्रिझर्व्हेटिव्ह फ्री कोरफड जेल." भावना चांगली आहे. पण पाणीसुद्धा केमिकलच आहे. आणि पारा? तो तर शंभर टक्के नैसर्गिक आहे, जमिनीतूनच निघतो. नैसर्गिक म्हणजे सुरक्षित, हे समीकरण डोक्यातून काढा.

खरी भीती वेगळी आहे. ज्या मालात पाणी आहे आणि टिकवणारा घटक नाही, त्यात बुरशी आणि जंतू वाढणारच. कोरफडीचा गर घरात काढून ठेवा, आपल्या उन्हाळ्यात दोन दिवसांत वास बदलतो. तोच गर डबीत भरून कुणाच्या तरी चेहऱ्यावर, डोळ्यांजवळ लावायला देणं, हे मला पॅराबेनपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. पॅराबेनला तरी मर्यादा घालून दिलेल्या आहेत. बुरशीला कोण मर्यादा घालणार?

घरी बनवायचंच असेल तर आधी कायदा समजून घ्या. गुमास्ता काढला, उद्यम नोंदणी झाली म्हणजे क्रीम-साबण बनवायची परवानगी मिळाली, असं नाही. फूड लायसनचा तर इथे संबंधच नाही. विक्रीसाठी कॉस्मेटिक बनवायचं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून उत्पादनाचं लायसन लागतं. अर्ज कॉस-५ मध्ये, लायसन कॉस-८ मध्ये. जागा, स्वच्छता, पात्र तांत्रिक माणूस, तपासणी, सगळं बघितलं जातं. एवढं भांडवल नसेल तर लोन लायसनचा रस्ता आहे : लायसन असलेल्या दुसऱ्याच्या कारखान्यात तुमचा माल बनवून घ्यायचा. त्याचा अर्ज कॉस-६ मध्ये. आणि किलोवर क्रीम आणून आपल्या नावाचं लेबल चिकटवणं हेसुद्धा कायद्याच्या नजरेत उत्पादनच आहे. "मी फक्त पॅकिंग करते" म्हणून सुटका होत नाही.

कटकट वाटते ना? मलाही वाटली होती. पण लायसन नंबर हीच ती ओळ आहे, जी गिऱ्हाईक डबी उलटी करून शोधणार आहे.

शेगावनं काय शिकवलं

जानेवारी २०२५. आपल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस मुळापासून गळायला लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. देशभर बातमी झाली. त्या दिवसांत माझ्या काउंटरवर रोज एकच प्रश्न, "ताई, शाम्पूनं गेले का वो केस?" कुणी शाम्पूकडे बोट दाखवलं, कुणी साबणाकडे, कुणी पाण्याकडे. मी म्हणायची, "मला माहीत नाही. तपासणी होऊ द्या."

पुढे आयसीएमआरचं पथक आलं, नमुने गेले आणि रुग्णांच्या रक्तात सेलेनियम वाढलेलं निघालं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. म्हणजे चर्चा डोक्याला काय लावलं याची होती, आणि शोध पोटात काय गेलं तिथे पोहोचला.

गंमत बघा, सेलेनियम सल्फाइड कोंड्याच्या काही शाम्पूंमध्ये औषध म्हणून वापरतात. सेलेनियम शरीराला अगदी थोडं लागतंही. तोच पदार्थ, रूप वेगळं, वाट वेगळी, मात्रा वेगळी. म्हणून "हा घटक चांगला, तो वाईट" अशी यादी मला मागू नका. किती आहे, कुठे लावायचंय, किती वेळ राहणार आहे, हे विचारा.

आणि व्यावसायिक म्हणून दुसरा धडा. उद्या गावात काही झालं आणि बोट तुमच्या साबणाकडे वळलं, तर तुमच्याकडे दाखवायला काय आहे? बॅच नंबर, कच्च्या मालाची बिलं, पुरवठादाराचा तपासणीचा दाखला, ठेवून दिलेला नमुना? हे असेल तर तुम्ही ताठ उभे राहाल. नसेल तर अफवाच तुमचं दुकान बंद करेल, मग माल कितीही चांगला असो.

"पण गिऱ्हाईकच मागतं!"

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. "मॅडम, पोरीचं लग्न चैत्रात आहे, बाई गोरेपणाचंच क्रीम मागते. मी नाही दिलं तर बाजूचा देतो." खरंय. मी काही संत नाही, माझ्याही दुकानात उजळपणाची क्रीम आहेत. लायसन असलेली, यादी असलेली. पण बघा, बाजारातल्या सगळ्यात मोठ्या ब्रँडलासुद्धा २०२० मध्ये आपल्या नावातून "फेअर" काढून "ग्लो" करावं लागलं. गोऱ्या रंगाचं स्वप्न विकणं दिवसेंदिवस अवघड होणार आहे. निरोगी कातडी विकणं नाही.

मी त्या आईला काय सांगते? "मावशी, सात दिवसांत गोरं करणाऱ्या क्रीमपासून पोरीला लांब ठेवा. त्यात स्टेरॉइड नाहीतर पारा असण्याची भीती असते. लग्नाला तीन महिने आहेत ना? मग सकाळी सनस्क्रीन, रात्री नायसिनामाइडवालं साधं क्रीम, आणि डाग जास्त असतील तर कातडीच्या डॉक्टरला दाखवा." तिचं बिल कधीकधी त्या सोनेरी डबीपेक्षा मोठं होतं. आणि ती परत येते.

स्टेरॉइडची ट्यूब मेडिकलची गोष्ट आहे. २०१८ मध्ये सरकारनं कातडीला लावायच्या १४ स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकल्या, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत. जनरल स्टोअरमध्ये किंवा पार्लरमध्ये त्यांना जागा नाही. कुणी आधीच खूप दिवस लावत असेल तर "बंद कर" एवढंच सांगून सोडू नका, डॉक्टरकडे पाठवा.

आजचा गृहपाठ

घरातल्या कोणत्याही तीन डब्या घ्या. वहीत तीन रकाने करा. प्रत्येकीचा शंभर ग्रॅमचा भाव, पहिले पाच घटक, आणि तोंडावरच्या चित्रातला घटक यादीत कितवा आहे ते लिहा. लायसन नंबर आणि बॅच नंबर आहे का ते बघा. अर्धा तास लागेल. आठवडाभर रोज तीन डब्या केल्या की तुमच्या तालुक्यातल्या बहुतेक दुकानदारांपेक्षा तुम्हाला जास्त कळायला लागेल.

त्या ताईचा चेहरा हळूहळू बरा झाला असं मी तिच्या शेजारणीकडून ऐकलं. बाजारात दिसली तर ती हसते, मी पण हसते. पण माझ्या दुकानाची पायरी ती अजून चढलेली नाही. माझ्या काउंटरमागे त्या क्रीमची एक रिकामी डबी मी ठेवली आहे, सोनेरी झाकणाची. नवीन विक्रेता माल दाखवायला आला की आधी तिच्याकडे नजर जाते, आणि मग मी त्याच्या हातातली डबी उलटी करते.

तुमच्या तीन डब्यांत काय सापडलं ते नक्की कळवा. पुढच्या व्हिडिओत लोन लायसनचा अर्ज कसा भरायचा ते एकेक पायरी करून बघू.